मूर्ती, इमाज आणि प्रतीक

बंगळूर शहराच्या शिवाजीनगर भागातील सेंट मेरीज बॅसिलिकाभोवती दर वर्षी ऑगस्टच्या अखेरीपासून ८ सप्टेंबरपर्यंत मोठी यात्रा भरते. १८८२ मध्ये पूर्ण झालेल्या या गॉथिक घडणीच्या चर्चमधील मारियेच्या मूर्तीला त्या दिवसांत साडी नेसवितात. भगवी वस्त्रे परिधान केलेले भाविक येतात, मेणबत्त्या लावतात, नवस बोलतात आणि फेडतात. उत्सवाच्या दिवशी मूर्ती रथातून वस्तीत फिरते. या गर्दीत ख्रिस्त्यांच्या बरोबरीने हिंदू आणि मुसलमानही असतात. याच शहरात १९६७ मध्ये फादर डी. एस. अमलोरपवदास यांनी बायबल, धर्मशिक्षण आणि उपासना यांसाठी एक राष्ट्रीय केंद्र स्थापन केले. 'एनबीसीएलसी' या आद्याक्षरांनी ते ओळखले जाते. तेथे समई आहे, जमिनीवरची बैठक आहे, आरती आहे, आणि मुख्यतः बायबलचे वाचन व मनन आहे. पहिल्या ठिकाणी मूर्ती, नवस आणि रथ; दुसऱ्या ठिकाणी ध्यान आणि ग्रंथ. असे असूनही कॅथलिक समाजाच्या आतून मूर्तिपूजेचा, मूर्तिपूजकांच्या धर्मात परत जाण्याचा आरोप झाला तो दुसऱ्या ठिकाणावर. १९८० नंतरच्या दशकात मद्रासच्या व्हिक्टर कुलंदै यांनी भारतातील चर्चचे 'पेगनायझेशन' होत आहे, असे शीर्षकातच सांगणारे पुस्तक लिहिले, आणि त्याचा रोख प्रामुख्याने बंगळूरच्या या प्रयोगांवर होता.

या विसंगतीतच या विषयाचा खरा प्रश्न दडलेला आहे. ख्रिस्ती उपासनेतील प्रतिमा ही मूर्तिपूजा ठरते काय, हा प्रश्न सामान्यतः प्रतिमेला विचारला जातो. बंगळूरचे उदाहरण पाहता तो प्रतिमेकडे पाहणाऱ्याला विचारायला हवा. २५ एप्रिल १९६९ रोजी रोमने भारतीय उपासनेसाठी जे बारा बदल मान्य केले त्यांची यादी या दृष्टीने वाचण्याजोगी आहे. गुडघा टेकण्याऐवजी अंजली जोडून वाकणे, पश्चात्तापाच्या विधीत पंचांग प्रणाम, चुंबनाऐवजी वस्तूला हात लावून तो कपाळी नेणे, मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा, वेदीवरच्या वस्त्राऐवजी तबक, याजकाच्या अंगावर शाल, धूप, आरती. या बारांत एकही मूर्ती नाही. सगळे बदल देहाच्या हालचालींचे आणि भांड्याकुंड्यांचे आहेत. मूर्ती नसलेल्या कार्यक्रमावर मूर्तिपूजेचा आरोप यावा आणि युरोपातल्या घडणीच्या मूर्तीला साडी नेसवून रथात बसविली तरी तो येऊ नये, याचा अर्थ आरोप करणाऱ्यांना शेजाऱ्याच्या धर्माची आठवण खुपत होती, असाच घ्यावा लागतो. प्रॉटेस्टंटांचा आक्षेप वेगळा आहे आणि अधिक सुसंगतही आहे. त्यांना दोन्ही ठिकाणे सारखीच अमान्य असतात.

हा गुंता मराठीत अधिकच बिकट होतो, कारण येथे शब्दच पक्षपाती आहेत. 'मूर्तिपूजा' हा मराठीत दोषवाचक शब्द नव्हता. जे घरोघर देव्हाऱ्यासमोर घडते त्याचे ते साधे नाव होते. बायबलच्या मराठी भाषांतरांनी 'आयडॉलट्री' या पापासाठी तोच शब्द वापरला, आणि एका रात्रीत रोजच्या कृत्याचे नाव हेच एका महापातकाचे नाव झाले. भाषांतरकारांपुढे दुसरा पर्याय होता काय, हे सांगणे कठीण आहे. पण परिणाम असा झाला की मराठी ख्रिस्त्याला आपल्या प्रतिमांसाठी वेगळा शब्द शोधणे भाग पडले. गोव्याच्या बोलीत तो सापडलाही. पोर्तुगीज 'इमाजेम'पासून आलेला 'इमाज' हा शब्द तेथे ख्रिस्ती संतांच्या प्रतिमेसाठी रूढ आहे. लाकूड एक, रंग एक, कित्येकदा सुतारही एकच. पण एकाचे नाव मूर्ती आणि दुसऱ्याचे इमाज. धर्मशास्त्राला जो भेद सिद्ध करण्यासाठी आठव्या शतकापर्यंत वाद घालावा लागला, तो गोव्यात एका उसन्या शब्दाने उरकला.

तो आठव्या शतकातला निर्णय थोडक्यात सांगितला पाहिजे. ७८७ मध्ये निकाया येथे भरलेल्या दुसऱ्या धर्मपरिषदेने आराधना आणि आदर यांत फरक केला. आराधना केवळ परमेश्वराची. प्रतिमेला दिला जातो तो आदर, आणि तो प्रतिमेपाशी न थांबता मूळ व्यक्तीपर्यंत पोचतो. युक्तिवाद सूक्ष्म आहे आणि त्यात बळ आहे. अडचण इतकीच की मुंबईत स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांच्याशी वाद घालणाऱ्या मोरभट दांडेकरांच्या बाजूच्या कोणाही पंडिताला तो जसाच्या तसा वापरता आला असता. दांडेकरांचे 'हिंदुधर्मस्थापना' १८३१ मधले, विल्सन यांचे खंडन १८३२ मधले. विल्सन प्रेस्बिटेरियन असल्यामुळे त्यांना निकायाच्या परिषदेचे ओझे नव्हते. दहा आज्ञांच्या मोजणीतही त्यांच्या परंपरेत प्रतिमानिषेध ही स्वतंत्र दुसरी आज्ञा आहे; कॅथलिक आणि ल्यूथरपंथीय मोजणीत ती पहिल्या आज्ञेतच सामावते. एकाच ग्रंथातली एकच वाक्ये. क्रमांक बदलले की त्यांचे वजन बदलते.

गोव्यात हे वजन दगडांवर पडले. साष्टीतील देवळे १५६७ मध्ये पाडली गेली; मंगेश प्रियोळला आणि शांतादुर्गा कवळ्याला नेली गेली ती याच धामधुमीच्या काळात. त्यानंतर बारा वर्षांनी, १५७९ मध्ये, फादर थॉमस स्टीफन्स गोव्यात उतरले आणि त्याच साष्टीत त्यांनी आयुष्य घालविले. १६१६ मध्ये रायतूर येथे छापलेले त्यांचे 'ख्रिस्तपुराण' मराठी समीक्षेने भाषेच्या गोडव्यासाठी पुष्कळ वाखाणले आहे. या कौतुकात एक गोष्ट निसटते. देवळे पाडलेल्या भूमीत बसून स्टीफन्सनी ओवी उचलली, पुराण हा प्रकार उचलला, स्वर्गाला वैकुंठ म्हटले. मूर्ती गेली तरी मूर्तीभोवतीचा शब्द त्यांनी जपला. 'वैकुंठ' म्हटल्यावर श्रोत्याच्या डोळ्यांपुढे काय उभे राहत असेल, हे त्यांच्यासारख्या भाषाज्ञाला कळले नसेल असे मानता येत नाही. नवदीक्षितांसाठी लिहिणाऱ्या या कवीने शब्दातली प्रतिमा निरुपद्रवी मानली. ती खरोखर निरुपद्रवी असते काय, हा प्रश्न मराठी ख्रिस्ती साहित्याने पुढे कधी सरळपणे विचारला नाही.

नारायण वामन टिळकांच्या बाबतीत तर तो अधिकच टोकदार होतो. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले टिळक अमेरिकन मराठी मिशनच्या प्रतिमाविरहित उपासनेत वाढले. त्या प्रार्थनामंदिरांच्या भिंती कोऱ्या होत्या. पण टिळकांच्या अभंगांत आणि भजनांत ख्रिस्त माउली होतो, गुरू होतो, सखा होतो. त्याच्या चरणांशी लोळण घेतली जाते, त्याचे रूप डोळ्यांत साठविले जाते. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. त्या पुलावरून चालताना विटेवरचे ध्यान मागे ठेवून फक्त ध्यान करण्याची रीत सोबत आणता आली, हे त्यांच्या प्रतिभेचे यश होय. भिंतीवर जे चालत नव्हते ते चालीवर चालले. प्रॉटेस्टंट मराठी मंडळ्यांतून ही भजने टाळ-मृदंगाच्या साथीने गाइली गेली, आणि त्यांत मूर्तिपूजेचा वास कोणाला आला नाही, कारण कान हे इंद्रिय आज्ञेच्या कक्षेबाहेर राहिले होते.

प्रतिमेच्या प्रश्नावर मराठी ख्रिस्त्यांपैकी सर्वांत निर्भीड बोल पंडिता रमाबाईंचे आहेत. वाँटेजच्या भगिनींकडे १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर गळ्यातल्या क्रुसावरून त्यांचा सिस्टर जेराल्डीन यांच्याशी पत्रव्यवहार झाला. क्रुसावर लॅटिन शब्द कोरलेले असावेत असे भगिनींचे म्हणणे. रमाबाईंनी विचारले की, ब्राह्मणांना संस्कृतविषयी जे वाटते तेच तुम्हांला लॅटिनविषयी वाटते काय? क्रूस घालायचाच असेल तर त्यावर आपल्या देशाच्या जुन्या, सुंदर भाषेतले शब्द असावेत. ती देवांची भाषा आहे म्हणून नव्हे, असेही त्यांनी बजावले. येथे दोन धार्मिक सत्तांची मूर्तिपूजा एकाच प्रश्नात पकडली गेली आहे. पूज्य झालेली वस्तू क्रूस नसून त्याच्यावरची लिपी आहे, हे रमाबाईंना दिसले. बंगळूरमधल्या वादाच्या जवळजवळ शंभर वर्षे आधी त्या वादाचे मर्म एका मराठी स्त्रीने असे सांगून ठेवले होते.

चित्रकलेत हे मर्म ज्याने भोगले तो अँजेलो द फोन्सेका. गोव्यातील सांतु इस्तेव्ह येथे १९०२ मध्ये जन्मलेला हा चित्रकार शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस यांच्या सहवासात घडला. गोव्यात परतून त्याने साडी नेसलेली, सावळी, अनवाणी मारिया रंगविली, आणि तेथील चर्चच्या वर्तुळात ती खपली नाही. सोनेरी केसांची मारिया इमाज होती. शेजारणीसारखी दिसणारी मारिया मात्र संशयास्पद ठरली. फोन्सेका पुण्याला आला आणि शिवाजीनगर भागातील ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमाच्या आधाराने त्याने आयुष्यभर काम केले. त्याच्या जलरंगांत भक्तीला हाताळण्यासारखे घनत्व जाणूनबुजून ठेवलेले नाही. आकृती पातळ, रंग धुवट. नवस बोलावा असे त्यांत काही नाही. हा गुण की उणीव, याबद्दल मतभेद होऊ शकतात. १९६७ मध्ये पुण्यात त्याचे निधन झाले.

त्याच वर्षी बंगळूरचे केंद्र स्थापन झाले, आणि त्या केंद्राच्या कलाविचाराशी ज्याचे नाव निगडित झाले तो ज्योती साहीदेखील १९४४ मध्ये पुण्यातच जन्मला होता. बंगळूरजवळच्या सिल्वेपुरा या खेड्यात राहून त्याने काम केले. १९८० च्या 'द चाइल्ड अँड द सर्पंट' या पुस्तकात तो लोकपरंपरेतील प्रतीकांचा विचार करतो. सर्पाचे हे प्रतीक बायबलच्या वाचकाला वेगळ्याच कारणाने अस्वस्थ करणारे आहे. गणना या पुस्तकात मोशे परमेश्वराच्याच आज्ञेने पितळेचा साप करतो आणि त्याकडे पाहणारे वाचतात. पुढे त्याच सापापुढे लोक धूप जाळू लागतात, तेव्हा हिज्कीया राजा त्याचे तुकडे करतो. आणि योहानाच्या शुभवर्तमानात त्याच सापाची उपमा क्रुसावरच्या ख्रिस्ताला दिली जाते. वस्तू एकच, तिच्याविषयी धर्मग्रंथाचे निर्णय तीन. प्रतिमा घडविण्यात पाप नाही, फोडण्यातही नाही. ती सोडून देण्याची वेळ आली हे न ओळखण्यात आहे, असाच या कथेचा ओघ दिसतो. हा विचार मराठी मनाला परका नाही. आवाहनानंतर विसर्जन असते. प्राणप्रतिष्ठा केलेला गणपती दीड दिवसाने पाण्यात जातो. विल्सनसारख्या खंडनकारांच्या युक्तिवादात आवाहनाला पुष्कळ जागा आहे. विसर्जनाचे महत्त्व त्यांना उमगलेले दिसत नाही.

तरीही बंगळूरच्या या कलाविचाराविषयी एक तक्रार उरते, आणि ती मूर्तिपूजेच्या आरोपापेक्षा गंभीर आहे. 'प्रतीक' हा शब्द वापरला की सगळे निर्मळ होते. पण शिवाजीनगरच्या यात्रेतली बाई साडीच्या काठाला हात लावते तेव्हा ती प्रतीकाला हात लावत नसते. शिवाय ज्या देवळांच्या घडणीवरून, कलशांवरून आणि आरत्यांवरून ही प्रतीके उचलली गेली, त्या देवळांत बहुसंख्य ख्रिस्त्यांच्या पूर्वजांना पाऊलही टाकता आलेले नव्हते. १९३० मध्ये नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर सत्याग्रह करावा लागला, ही फार जुनी गोष्ट नव्हे. मूळचे महाराष्ट्रातले धर्मविचारक अरविंद निर्मळ यांनी १९८१ मध्ये बंगळूरच्याच युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात शूद्रांच्या धर्मविचाराची मागणी करणारे भाषण केले आणि भारतीय ख्रिस्ती विचार ब्राह्मणी परंपरेवर कसा पोसला गेला ते दाखविले. दलित ख्रिस्त्याला समई परकी आणि लॅटिन क्रूसही परका. भारतीयीकरण म्हणजे कोणाच्या भारताचे, हा त्याचा प्रश्न. एनबीसीएलसीच्या समर्थकांनी कुलंदै यांना उत्तरे पुष्कळ दिली. या प्रश्नाला मात्र तेवढ्या उत्साहाने भिडलेले ते दिसत नाहीत.

साहीने पुढे 'दलित मॅडोना' हे चित्र केले ते या प्रश्नाच्या छायेत. त्यातली कल्पना देवळातून आलेली नाही, स्वयंपाकघरातून आली आहे. दक्षिणेतल्या घरांत वाटण्याचा जो रगडा असतो त्यातला मोठा, खळगा असलेला दगड ही आई आणि त्या खळग्यात फिरणारा लहान दगड हे मूल. चित्रातली माता आणि बालक या दोन दगडांच्या आकारात एकमेकांत बसलेले आहेत. महाराष्ट्रातल्या वाचकाला येथे बारसे आठवल्यावाचून राहणार नाही. वरवंट्याला कुंची घालून, तान्ह्या बाळासारखे हाताळून बायका तो पाळण्याखालून वरून एकमेकींच्या हाती देतात, आणि दुसऱ्या दिवशी तोच वरवंटा पाट्यावर चटणी वाटत असतो. त्याची कुंची कधी उतरली हे कोणी विचारीत नाही.