बेस भारी, पण शब्द कुठं गेला?

पुण्याच्या ताडीवाला रोडवर वाढलेल्या एमसी स्टॅनचा ‘तडीपार’ हा पहिला अल्बम २०२० मध्ये आला. त्याच्याविषयी जे बोललं गेलं ते शिव्यांविषयी, गळ्यातल्या साखळ्यांविषयी, आणि २०२३ मध्ये त्यानं ‘बिग बॉस’ जिंकल्यावर तर चाहत्यांच्या मतांविषयी. ध्वनीविषयी बोलायचं राहूनच गेलं. आपल्याकडं रॅपची निर्मिती कुठं जमते आणि कुठं फसते, हे समजून घ्यायला मला तरी याहून चांगला नमुना दिसत नाही. भाषा त्याची वस्तीतली हिंदी, अधूनमधून मराठीचे खडे. मराठी रॅपच्या हिशेबात त्याला धरायचं की नाही, हा वाद ज्यांना घालायचा त्यांनी खुशाल घालावा.

स्टॅन नुसता रॅपर नाही, बीटही तोच बनवतो. ‘तडीपार’ ऐकताना हे पदोपदी जाणवतं. बीट संथ, मधे मोकळी जागा ठेवलेला; आवाज त्या बीटवर चढत नाही, आत शिरतो. ऑटोट्यून इथं बेसूर गळा झाकायला वापरलेला नाही. ओळीच्या शेवटी सूर थोडा घसरू द्यायचा आणि त्या घसरण्यातच गाण्याचा मूड पकडायचा, अशी ती चाल आहे. पुटपुटलेले शब्दसुद्धा कळतात, कारण त्या क्षणी खाली फारसं काही वाजतच नसतं. हा संयम पंचविशीही न गाठलेल्या पोराला कुठून आला हे नवलच. दोषही आहेत. हाय-हॅटची तीच ती थरथर गाण्यामागून गाण्यात येते, सलग ऐकलं की पुढची गाणी मागच्यांची भावंडं वाटू लागतात. आणि बायकांविषयीची भाषा ऐकवत नाही. वस्तीचं वास्तव म्हणून तिची वकिली करण्यात मला रस नाही.

याच्या शेजारी डिव्हाइनचा ‘कोहिनूर’ ठेवून बघा. अंधेरीच्या या रॅपरचं नाव २०१३ पासून सुट्या गाण्यांनी होत गेलं, २०१५ मध्ये नेझीबरोबरचं ‘मेरे गली में’ गाजलं, पण पहिला अल्बम यायला २०१९ उजाडलं. ‘गली बॉय’ सिनेमा त्याच वर्षी आला होता, पाठीशी मोठी कंपनी होती, पाहुणे कलाकार होते. ध्वनी चकचकीत, कुठंही खरखर नाही. तरी ‘तडीपार’मध्ये एकच खोली ऐकू येते, तशी ‘कोहिनूर’मध्ये येत नाही. प्रत्येक गाणं वेगळ्या घरात राहतं.

आता कोल्हापूरकडं येऊ. इथली पोरं रॅप करत नाहीत असं नाही. भरपूर करतात, आणि लिहितातही चांगलं. अडतं ते इथं: गाणी सुटीसुटीच राहतात. गडहिंग्लज असो, इचलकरंजी असो की कोल्हापुरातली एखादी पेठ, सुरुवात सहसा यूट्यूबवरून होते. एखाद्या अमेरिकन रॅपरच्या नावानं ‘टाइप बीट’ शोधायचा, आवडला की फुकट उतरवून घ्यायचा किंवा थोडे पैसे भरून वापरायचा परवाना घ्यायचा. तोच बीट आणखी कितीजणांनी घेतलाय याचा पत्ता नसतो. स्वस्तातल्या परवान्यात हातात पडते ती एकच स्टिरिओ फाइल: किक, बेस, सूर, सगळं आधीच कालवलेलं, दाबून कमाल पातळीला नेलेलं. सुटे ट्रॅक, ज्यांना स्टेम्स म्हणतात, ते महागड्या परवान्यात. मग त्या एका फाइलवर आवाज बसवायचा. बीट बनवणाऱ्यानं मधला पट्टा सिंथनं भरून टाकला असेल तर तेवढाच सिंथ धरून खाली घेता येत नाही. एकतर सगळा बीट खाली घ्यावा लागतो, नाहीतर आवाज ओरडून वर काढावा लागतो. पोरं दुसरा मार्ग धरतात. गाण्यागणिक तोच तारस्वरातला संताप ऐकू येतो आणि आपण त्याला कोल्हापूरचा रांगडेपणा म्हणून टाळ्या देतो. पुष्कळदा तो मिक्सिंगचा नाइलाज असतो.

दुसरी गोष्ट कानाची. बेस म्हणजे काय हे इथल्या पोराला शिकवावं लागत नाही. गणपतीच्या मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंतीसमोर एकदा उभं राहिलं की ते बरगड्यांतूनच कळतं. डॉल्बीमुक्तीच्या मोहिमा झाल्या, गुन्हे दाखल झाले, तरी कानाला लागलेली चटक जात नाही. मिरवणुकीतल्या रिमिक्सना कुणी कितीही नावं ठेवो, किक कशी घट्ट बसवायची हे त्या डीजेंना पक्कं कळतं. पण भिंतीसमोर नाचणाऱ्याला शब्द नको असतात, धक्का हवा असतो. रॅपचं तसं नाही. आणि रॅप ऐकला जातो तो मोबाइलवर. १९८० साली रोलँड कंपनीनं काढलेल्या टीआर-८०८ या ड्रम मशीनपासून आलेला रॅपचा बेस साधारण ४० ते ६० हर्ट्झला घुमतो; मोबाइलचा एवढासा स्पीकर तिथवर पोचतच नाही. जाणकार निर्माता मग बेसला बेतानं डिस्टॉर्शन देतो. त्यानं वरचे स्वरांश उमटतात आणि मूळ खालचा सूर नसतानाही कान तो भरून काढतो. बेत चुकला की तेच डिस्टॉर्शन आवाजावर येऊन बसतं. व्यंजनांची ओळख मुख्यतः २ ते ५ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात पटते, स्नेअर आणि टाळीचा कडाकाही तिथंच. तिथं गर्दी झाली की ‘ठ’चा ‘थ’ होतो, ‘ळ’ विरघळतो, आणि ज्या ओळीसाठी पोरानं रात्र जागवली ती ओळ कुणाला कळतच नाही. वर मास्टरिंगमध्ये सगळं पिळून मोठं करायची हौस. स्पॉटिफायसारख्या सेवा मोठ्या आवाजाची गाणी आपोआप सरासरीला आणून ठेवतात. पिळलेलं गाणं मोठं वाजत नाही, नुसतं चपटं होतं.

शब्द ऐकू येण्याचा हा प्रश्न शाहिरांनी विजेशिवाय सोडवला होता. शाहीर पिराजीराव सरनाईकांसारख्यांच्या परंपरेतला कोल्हापुरी पोवाडा या कानानं ऐका. शाहीर चौक म्हणायला लागला की डफ मागं सरतो, तुणतुणं एकाच सुरावर तग धरतं. ओळ संपली की झीलकरी ‘जी जी’ करत पोकळी भरतात आणि डफ पुन्हा उसळतो. रॅपवाले ज्याला अ‍ॅड-लिब म्हणतात ते काम इथं केव्हाच वाटून दिलेलं होतं. आणि जुन्या ग्रामोफोनच्या तव्याच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मिळायची. तेवढ्यात प्रसंग उभा करायचा म्हणजे आजच्या सिंगलपेक्षा सोपं नव्हतं.

माइकही या गावाला नवा नाही. प्रभात फिल्म कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट १९३२ चा, कोल्हापुरातच तयार झालेला. गोविंदराव टेंब्यांचं संगीत, हरिश्चंद्राच्या भूमिकेतही तेच. पार्श्वगायनाची सोय नव्हती, नट चित्रीकरणातच गायचे. माइक कुठं टांगायचा, साथीदार कॅमेऱ्याच्या बाहेर किती अंतरावर बसवायचे, याचा विचार इथल्या माणसांनी तेव्हाच केला होता. प्रभात पुढच्याच वर्षी पुण्याला गेली. कोल्हापूर मुळात मैदानाचं आणि मैफलीचं गाव. अल्लादियाखाँसाहेब इथं शाहू महाराजांच्या दरबारात राहिले, आणि त्यांच्या गाण्याची ध्वनिमुद्रिका मागं उरली नाही. समोर बसून ऐकल्याशिवाय खरं नाही, हा इथला जुना हट्ट. स्टेजवर बेफाम वाटणारा रॅपर रेकॉर्डवर फिका पडतो, त्यात या हट्टाचाही थोडा वाटा असावा.

बाकी महाराष्ट्रात चित्र हलतंय. ‘स्वदेसी’ या मुंबईच्या चमूनं ‘द वारली रिव्होल्ट’मध्ये आरेच्या प्रकाश भोईर यांचा आवाज घेतला, तो शोभेचा तुकडा म्हणून नाही; गाण्याचा कणाच तो आहे. त्याच चमूतला अमरावतीचा सौरभ अभ्यंकर, म्हणजे १०० आरबीएच, वऱ्हाडी ठसका न घालवता टीव्हीवरच्या ‘हसल’ या रॅपस्पर्धेपर्यंत गेला. २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं ‘तांबडी चामडी’ स्पिनिन रेकॉर्ड्ससारख्या डच कंपनीनं काढलं. त्यात शब्द थोडे, पण प्रत्येक शब्द धुतल्यासारखा स्वच्छ. संजू राठोडचं ‘गुलाबी साडी’ शुद्ध रॅप नव्हे, तरी जी-स्पार्कनं त्यात गळ्याभोवती मोकळी जागा ठेवलीय ती शिकण्यासारखी आहे. या सगळ्यांत एक गोष्ट समान दिसते: बीट करणारा आणि शब्द लिहिणारा एकमेकांना ओळखतात.

उलट बाजूही नोंदवली पाहिजे. २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगसेचं राजकीय रॅप घराघरांत पोचलं आणि त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. निर्मितीच्या परीक्षेत त्याला फारसे गुण मिळाले नसते. पण शब्द लख्ख ऐकू येत होते, आणि सत्तेला टोचायला तेवढं पुरलं.

कोल्हापुरी रॅपमध्ये ‘आपला’ आवाज हवा म्हणून हल्ली हलगी घातली जाते. कल्पना उत्तम, अंमल वाईट. हलगी, घुमकं, कैताळ हा कुस्तीच्या मैदानाचा मेळ. डाव रंगला की हलगीची गत चढते, आणि तिथं कुणी बोलत नसतं, म्हणून ती मोकाट वाजू शकते. तिचा कडकडाट नेमका व्यंजनांच्या जागेवर पडतो. तयार लूप उचलून अख्ख्या गाण्याखाली अंथरला की शब्द गेलेच. पहिल्या अल्बमचं मनावर घेतलेल्या पोरानं दहा बीट विकत घेण्याआधी हलगीवाल्याला समोर बसवावं, माइक दोन हात लांब ठेवावा, आणि त्याला फक्त ओळ संपल्यावर वाजवायला सांगावं. बीट करणारा दोस्त त्याच खोलीत असावा. आवाज किती वर घ्यायचा हे मग स्क्रीनवरच्या रेषा बघून ठरवायला नको. शेजारच्या खोलीतल्या आजीला कितवी ओळ कळली, एवढं विचारलं तरी बास.