‘पुरेसा’ कोणाला? : माजी सैनिकांच्या वैद्यकीय पुरवठ्याविषयीच्या काही शासकीय लेखांची भाषा

शासकीय अहवाल आणि निवेदने ही समीक्षेची सामग्री होऊ शकत नाही, असा एक समज भाषेच्या अभ्यासकांत रूढ आहे. अशा लेखनात शैली नसते, असलीच तर ती दोषरूप असते, आणि म्हणून त्याचा विचार प्रशासनशास्त्राने करावा, भाषाविचाराने करू नये, असे मानले जाते. हा समज तपासून पाहण्याजोगा आहे. ज्या लेखातील एका विशेषणावर रुग्णालयातील परिचारिकेला त्या दिवशी मास्क मिळणार की नाही हे अवलंबून असते, त्या लेखातील शब्दयोजना गौण म्हणता येत नाही. अमेरिकेत २०२०च्या साथीच्या काळात माजी सैनिकांच्या रुग्णालयांना लागणाऱ्या साहित्याविषयी जे शासकीय लेखन झाले, ते या दृष्टीने विशेष उद्‌बोधक आहे.

प्रथम वस्तुस्थिती. अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याच्या आरोग्यसेवेत सुमारे ९० लाख माजी सैनिकांची नोंद असून खात्याची सुमारे १७० वैद्यकीय केंद्रे आहेत. सेवा घेणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे लोक पासष्टीच्या पुढचे आहेत. म्हणजे श्वसनाच्या साथीत ज्यांना सर्वांत अधिक धोका, तोच हा वर्ग. शिवाय १९८२च्या एका कायद्यापासून राष्ट्रीय संकटात साहाय्य करण्याची जबाबदारीही या खात्यावर आली आहे. त्यानुसार २०२० मध्ये खात्याने आपले कर्मचारी नागरी वृद्धाश्रमांत पाठविले. ज्याच्याकडून इतरांना आधार मिळावयाचा, त्याच्याच कोठारात किती आहे हा प्रश्न त्यामुळे अधिकच निकडीचा झाला.

या लेखनातील पहिला विचारणीय शब्द ‘आणीबाणी’ हा होय. अमेरिकन काँग्रेसच्या वतीने सरकारी खर्चाची तपासणी करणारी गव्हर्नमेंट अकाउंटॅबिलिटी ऑफिस ही संस्था आहे. नोव्हेंबर २०१७च्या तिच्या अहवालात असे नमूद आहे की, २०१६च्या आर्थिक वर्षात या खात्याच्या आरोग्यसेवेने केलेल्या खरेदी-व्यवहारांपैकी सुमारे २० टक्के व्यवहार ‘तातडीचे’ म्हणून नोंदले गेले होते. त्या वर्षी कोणतीही साथ नव्हती. कारण साधे होते. ठरावीक मुख्य पुरवठादारांकडून वस्तू मागवण्याची नवी पद्धत खात्याने आणली, परंतु त्यासाठी वस्तूंची यादी करताना डॉक्टर-परिचारिकांना पुरेसे विचारले गेले नाही. त्यामुळे केंद्रांना हवे ते यादीत मिळेना. यादीतून निदान ४० टक्के खरेदी व्हावी असे उद्दिष्ट असता प्रारंभीच्या महिन्यांत ती सुमारे २४ टक्केच झाली. उरलेली गरज भागवण्याचे जे मार्ग होते त्यांत एक मार्ग ‘तातडीचा’ असे. अपवादासाठी राखून ठेवलेला शब्द पाचांपैकी एका व्यवहाराला लागू लागला म्हणजे तो अर्थाने झिजतो. खरी आणीबाणी २०२० मध्ये आली तेव्हा तिच्यासाठी वेगळा शब्द कागदावर उरला नव्हता, आणि वेगळी व्यवस्थाही उरली नव्हती. शब्दाची झीज हे येथे कारण नव्हे, लक्षण होय; परंतु ते तीन वर्षे आधी वाचता येण्याजोगे लक्षण होते.

याच संस्थेने ९ जून २०२० रोजी सिनेटच्या माजी सैनिकविषयक समितीपुढे जे निवेदन केले, ते या लेखनातील सर्वांत सरस म्हणावे लागेल. वाक्ये आखूड, क्रियापदे ठाम, आणि दोषाचे स्थान स्पष्ट. साठ्याची नोंद ठेवणारी खात्याची पद्धती जुनाट होती; कोणत्या केंद्रात काय शिल्लक आहे हे वरिष्ठांना थेट दिसत नव्हते; म्हणून कर्मचाऱ्यांना वस्तू हाताने मोजून रोज आकडे कळवावे लागले; आणि ऐन वेळी मागवून आणण्याच्या पद्धतीवर विसंबल्यामुळे, सर्वांनी एकाच वेळी मागणी करताच, ती पद्धती कोलमडली. कारणांची ही साखळी निवेदनात नेमकी उभी राहते. तथापि त्याची एक मर्यादाही आहे. लेखापरीक्षेच्या भाषेत वाक्याचा कर्ता खाते असतो, केंद्र असते, फार तर साठा असतो. ज्याच्यासाठी साठा करावयाचा तो मनुष्य या वाक्यरचनेत सहसा शिरत नाही.

ही उणीव दाखवण्यास मराठीतील एक सामान्य क्रियापद उपयोगी पडते. ‘पुरणे’ हे क्रियापद वस्तूला कर्ता करते आणि ज्याला ती पुरते त्याला चतुर्थीत ठेवते : ‘भाकरी मला पुरली’, ‘धान्य घराला पुरले’. चतुर्थीचे हे पद अध्याहृत असले तरी अर्थात असतेच. ‘पुरले’ म्हणताच ‘कोणाला?’ हा प्रश्न उपस्थित होतो. याच क्रियापदाच्या प्रयोजक रूपाशी ‘पुरवठा’ हे नाम संबद्ध आहे. परंतु क्रियापदाचे विशेषण झाले की प्रश्न मावळू लागतो. ‘साठा पुरेसा आहे’ हे वाक्य चतुर्थीवाचून निर्वेध उभे राहते. ‘तूट’, ‘तुटवडा’, ‘टंचाई’ या नामांची गोष्टही अशीच : तेथे वस्तू षष्ठीत येते, ‘मास्कचा तुटवडा’, आणि ज्याला मास्क मिळाला नाही त्याचा उल्लेख न करताच वाक्य पूर्ण होते.

वसंत २०२० मधील वाद नेमका या गाळलेल्या चतुर्थीचा वाद होता. खाते जाहीरपणे साहित्य पुरेसे असल्याचे सांगत होते. त्याच सुमारास मास्क जपून वापरण्याची खात्याची अंतर्गत टिपणे वृत्तपत्रांत प्रसिद्ध होत होती. दोन्ही विधाने खोटी असावी लागत नाहीत. देशभरच्या बेरजेला जो साठा पुरतो, तो एका रुग्णालयाच्या एका पाळीला पुरेलच असे नाही. बेरीज खात्याची असते आणि श्वास व्यक्तीचा असतो.

रोगनियंत्रण केंद्राने त्या काळी संरक्षक साहित्याच्या वापराच्या तीन पायऱ्या सांगितल्या होत्या. त्यांचा आशय ‘नेहमीची क्षमता’, ‘पर्यायी क्षमता’ आणि ‘संकटकालीन क्षमता’ असा मांडता येईल. दुसऱ्या पायरीवर एकच मास्क अनेक रुग्णांना तपासताना न काढता वापरावयाचा. तिसऱ्या पायरीवर काढलेला मास्क मर्यादित वेळा पुन्हा चढवावयाचा. तिन्ही नावांत ‘क्षमता’ हा शब्द कायम आहे, हे लक्षणीय होय. साहित्य उणावत जाते, नाम तेच राहते. मात्र या परिभाषेचा सरसकट धिक्कार करणे न्याय्य ठरणार नाही. केव्हा खालच्या पायरीवर उतरावे आणि केव्हा परत वर यावे याचा काही क्रम तिने दिला. मौनापेक्षा क्रम बरा. आक्षेप एवढाच की, नावावरून धोका कोणाकडे सरकला हे कळत नाही.

या पार्श्वभूमीवर खात्याच्या आरोग्यसेवेचे तत्कालीन प्रमुख रिचर्ड स्टोन यांनी एप्रिल २०२० मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ला दिलेली मुलाखत वेगळी उठून दिसते. काही रुग्णालयांत कठोर काटकसर चालू असल्याचे त्यांनी मान्य केले, आणि खात्यासाठी येऊ घातलेले सुमारे ५० लाख मास्क केंद्रीय आपत्ती-यंत्रणेने राष्ट्रीय साठ्याकडे वळवल्याचेही सांगितले. ‘काटकसर’ हा शब्द निर्दोष नाही. त्यात स्वेच्छेचा व सद्‌गुणाचा वास आहे, आणि परिचारिकेने ती स्वेच्छेने केलेली नव्हती. परंतु मास्क ‘आले नाहीत’ असे न म्हणता ‘वळवले’ असे म्हटल्याबरोबर वाक्याला कर्ता मिळतो, आणि ज्याला कर्ता आहे त्यालाच जाब विचारता येतो.

असाच भेद ‘करार’ आणि ‘पुरवठा’ यांत आहे. त्याच वसंतात एका लहान कंपनीने खात्याला ६० लाख एन-९५ मास्क देण्याचा ३ कोटी ४५ लाख डॉलरांचा करार मिळवला. एकही मास्क पोहोचला नाही. कंपनीच्या मालकाने न्यायालयात अपराध कबूल केला व २०२१ मध्ये त्याला २१ महिन्यांची कैद झाली. कागदावर ६० लाख, कोठारात शून्य. ‘मागणी नोंदली’ हे वाक्य ‘माल आला’ या वाक्याची जागा घेऊ शकत नाही, हा पाठ व्याकरणाचा नव्हे, व्यवहाराचा आहे. पण तो भाषेतूनच सुटतो.

येथे एक आक्षेप संभवतो. मास्क शब्दांनी बनत नाहीत. त्या महिन्यांत सर्व जगात टंचाई होती, खाजगी रुग्णालयांचीही तीच अवस्था होती. आक्षेप खरा आहे. नेमके शब्द वापरल्याने एकही मास्क वाढला नसता. परंतु जे होते ते कोठे न्यावे हे ठरवण्यास ‘कोणत्या केंद्रात किती दिवसांचे’ हे माहीत असावे लागते, आणि ते माहीत होण्यासाठी नोंदीच्या तक्त्यात तसा रकाना असावा लागतो. रकाना हीही भाषाच होय. साठ्याच्या नोंदीसाठी संरक्षण खात्याची संगणकीय पद्धती सप्टेंबर २०२० मध्ये नॉर्थ शिकागो येथील केंद्रात प्रथम आणली गेली. ती रुग्णालयाच्या अनेक महत्त्वाच्या गरजा भागवत नसल्याचे खात्याच्या महानिरीक्षकांनी २०२१ मध्ये दाखवले, आणि पुढे ती योजना सोडून देण्यात आली. जुनी वाक्यरचना मोडणे सोपे असते, नवी रुळवणे कठीण.

दुसरा आक्षेप असा की, हा इंग्रजीचा दोष असून मराठीची प्रकृती निराळी आहे. हा समज आत्मसंतुष्टपणाचा ठरेल. महाराष्ट्र शासनाने १९६३ मध्ये कायदा करून राज्यात लागू असलेल्या कायद्यांतून ‘दुष्काळ’ अर्थाचा इंग्रजी शब्द काढला व त्या जागी ‘टंचाई’ अर्थाचा शब्द घातला. दुष्काळ पडू द्यावयाचाच नाही, ही त्यामागील भूमिका होती. पण शब्द काढल्याने १९७२चा पाऊस पडला नाही. माजी सैनिकांच्या बाबतीतही उदाहरण दूर शोधावे लागत नाही. एप्रिल २००३ पासून भारतात त्यांच्यासाठी अंशदायी आरोग्य योजना आहे, आणि साताऱ्या-कोल्हापुराकडील अनेक घरे तिच्या दवाखान्यांवर अवलंबून आहेत. औषध नसले की ‘उपलब्ध नाही’ अशी नोंद होते. २०२०च्या टाळेबंदीत औषधे बाजारातून घेण्याची आणि खर्चाची परतफेड मागण्याची मुभा देण्यात आली. सवलत आवश्यक होती यात शंका नाही. परंतु ‘परतफेड’ या शब्दात आधी केलेली फेड दडलेली आहे. निवृत्तिवेतनातून रोख मोजणारा वृद्ध सैनिक किंवा सैनिकाची विधवा ‘उपलब्ध नाही’ या कर्तृहीन वाक्यात कोठेच दिसत नाही.

या लेखनाच्या परीक्षणातून शासकीय गद्यासाठी एक साधी कसोटी निघते. पुरवठ्याविषयीच्या प्रत्येक विधानात कोणाला, कोठे आणि किती दिवस ही तीन पदे भरता आली पाहिजेत. आणि उणीव असल्यास ती कोणी सोसली हे चौथे पद. ही पदे ज्या वाक्यात बसत नाहीत ते वाक्य असत्य असेलच असे नाही, परंतु त्यावर निर्णय करता येत नाही. २०१७चा अहवाल आणि २०२०चे निवेदन या कसोटीला बऱ्याच अंशी उतरतात, म्हणूनच ती वाचनीय आहेत. ‘पुरेसा’, ‘क्षमता’, ‘काटकसर’ आणि ‘उपलब्ध नाही’ हे शब्द उतरत नाहीत. मराठीत कार्यालयीन परिभाषा घडवणाऱ्यांनी आणि ती शिकवणाऱ्या विभागांनी शब्दांच्या शुद्धतेइतकीच या गाळलेल्या पदांचीही चौकशी करणे अगत्याचे आहे. पुढच्या संकटात साठा मोजणाऱ्याच्या हातात जो तक्ता असेल, त्याचे मथळे कोणीतरी आजच लिहीत असतो.