शेजाऱ्यांच्या साक्षीवर काढलेला नकाशा

संगणकाच्या पाठ्यपुस्तकांत नेटवर्कच्या रचना शिकवताना चार-पाच आकृत्या दिलेल्या असतात : बस, वर्तुळ, तारा, वृक्ष, जाळी. विद्यार्थी त्या पाठ करतात आणि गुण मिळवतात. मात्र एक प्रश्न विचारायचा राहून जातो. भिंतींमागून आणि छताच्या पोकळीतून गेलेल्या शेकडो केबलींची ही आकृती मुळात काढायची कशी? नेटवर्क वरून पाहता येईल अशी जागाच नसते. त्यातला प्रत्येक स्विच फक्त आपल्या पोर्टांपुरते पाहतो.

शेजाऱ्यांनी एकमेकांना ओळख द्यावी, हे या प्रश्नाचे एक उत्तर. सिस्को कंपनीने १९९४ मध्ये आपल्या उपकरणांसाठी सीडीपी ही पद्धत आणली. इतर कंपन्यांनीही आपापल्या पद्धती काढल्या, पण एकीची भाषा दुसरीला कळेना. अखेर २००५ मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने ८०२.१एबी हे सर्वांसाठी समान मानक प्रसिद्ध केले. त्यातील पद्धतीला एलएलडीपी म्हणतात. तिच्यामुळे नेटवर्कचा खरा नकाशा आपोआप मिळतो, असे सांगितले जाते. हा दावा कितपत टिकतो ते पाहू.

पद्धत सोपी आहे. प्रत्येक उपकरण आपल्या प्रत्येक पोर्टातून, साधारणपणे दर ३० सेकंदांनी, एक छोटा संदेश पाठवते. त्यात तीन गोष्टी सक्तीच्या असतात : मी कोण, हा माझा कोणता पोर्ट आणि ही माहिती किती वेळ ग्राह्य धरायची. ही मुदत बहुधा १२० सेकंदांच्या आसपास असते. संदेशावर एक राखीव पत्ता असतो. नियम पाळणारा स्विच असा संदेश वाचून नोंदवतो, पण पुढे पाठवत नाही. म्हणून ज्याला संदेश मिळाला तो केबलीच्या दुसऱ्या टोकाचा शेजारीच, असे अनुमान काढता येते. देखरेख करणारा संगणक सर्व स्विचांच्या नोंदी गोळा करतो आणि तुकडे जुळवून नकाशा तयार करतो.

पद्धतीचे श्रेय तिला दिलेच पाहिजे. व्हॅन जेकबसन यांच्या १९८७ च्या ट्रेसराउट प्रणालीला वाटेतले राउटर दिसतात, स्विच दिसत नाहीत. एलएलडीपीला स्विच तर दिसतातच, शिवाय राखीव ठेवलेल्या केबलीही दिसतात. स्विचांमध्ये वर्तुळाकार वाट तयार झाली तर काही संदेश त्यात फिरतच राहतात. ते टाळण्यासाठी रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये शोधलेल्या रीतीनुसार काही पोर्ट नेहमीच्या वाहतुकीला बंद ठेवले जातात. शेजाऱ्याची ओळख मात्र या बंद पोर्टांतूनही जाते. एरवी निरुपयोगी वाटणारी केबल अशा रीतीने नकाशावर येते.

आता उणिवा. पहिली उणीव मौनाची. स्वस्त, साध्या स्विचाला ही भाषा येत नाही. त्यांतले काही स्विच संदेश गिळून टाकतात, मग दोन्ही बाजूंना शेजारीच नाही असे दिसते. काही तो जसाच्या तसा पुढे ढकलतात, मग दूरची दोन उपकरणे थेट जोडलेली भासतात आणि मधला स्विच नकाशावरून नाहीसा होतो. एका पोर्टावर एकाच वेळी दोन-तीन शेजारी दिसले, तर मध्ये कोणी मुका बसला आहे, असा संशय घ्यावा.

दुसरी उणीव एकतर्फीपणाची. संदेश पोहोचल्याची पोच नसते. ‘अ’ला ‘ब’ ऐकू येतो म्हणून ‘ब’लाही ‘अ’ ऐकू येतो, असे नाही. तिसरी उणीव विश्वासाची. संदेशावर सही नसते. कोणीही खोटे नाव सांगितले, तरी शेजारी ते निमूटपणे लिहून घेतो. चौथी उणीव नावांची. ओळख कोणत्या स्वरूपात द्यायची याला मानकाने अनेक पर्याय ठेवले आहेत. एक उपकरण पोर्टाचे नाव सांगते, दुसरे त्याचा हार्डवेअर पत्ता सांगते. त्यामुळे एकच पोर्ट दोन ठिकाणी दोन रूपांत येतो आणि तुकडे जुळवणे अवघड होते.

आमचा आक्षेप पद्धतीपेक्षा तिच्या वापरावर आहे. मानक फक्त साक्ष गोळा करते. ती साक्ष आहे हे विसरून आपण तिला वस्तुस्थिती म्हणतो. कोणती केबल काढली तरी चालेल, हे असा नकाशा पाहून ठरवले जाते. नकाशात नसलेल्या स्विचावर एखादा अख्खा मजला अवलंबून असेल, तर तो मजला बंद पडल्यावरच चूक कळते. म्हणून दोन्ही टोकांनी सांगितलेली जोडणी आणि एकाच टोकाने सांगितलेली जोडणी नकाशात वेगळ्या रेषेने दाखवावी. माहिती कोणत्या वेळची आहे, तेही लिहावे.

शिक्षकांना हे वर्गात सहज दाखवता येईल. प्रत्येक मुलाने चिठ्ठीवर आपले नाव आणि ‘उजवा हात’ किंवा ‘डावा हात’ लिहून त्या बाजूच्या शेजाऱ्याला द्यावी. मिळालेली चिठ्ठी आपल्या कोणत्या हाताला आली, ते त्याने वहीत नोंदवावे. एका विद्यार्थ्याने वर्गाकडे पाठ करून, केवळ या नोंदींवरून, फळ्यावर बैठकीचा नकाशा काढावा. दुसऱ्या फेरीत एका मुलाला गुपचूप सांगावे, की स्वतःची चिठ्ठी न लिहिता एका बाजूने आलेली चिठ्ठी फक्त दुसऱ्या बाजूला द्यायची. नकाशा सुबकच निघेल, पण एक मूल त्यात नसेल. तिसऱ्या फेरीत कोणी एकाने दुसऱ्याचेच नाव लिहावे.

या तीन फेऱ्यांत विद्यार्थी नेटवर्कपेक्षा मोठी गोष्ट शिकतील. न दिसणे म्हणजे नसणे नव्हे, आणि प्रत्येक मोजमापाला ‘हे कोणी सांगितले?’ असे विचारलेच पाहिजे. पाच आकृत्या पाठ करून हा प्रश्न सुचत नाही.