मैदानावरून कचेरीत : खेळाच्या धड्यांची चिकित्सा



'खेळातून घ्यायचे धडे : यश आणि संघभावना' असा विषय आम्हाला देण्यात आला. तो स्वीकारताना आम्ही एक अट घातली. धडे आम्ही देणार नाही; जे धडे आजकाल कचेऱ्यांमधून दिले जातात त्यांची चिकित्सा करू. चिकित्सा म्हणजे निंदा नव्हे. वैद्य नाडी बघतो तेव्हा तो रोग्याला नावं ठेवत नसतो. आमचं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं, आणि तत्त्वज्ञानाच्या माणसाला एक काम बऱ्यापैकी जमतं : एखादी उपमा कुठपर्यंत चालते आणि कुठे लंगडायला लागते ते बघणं. 'कंपनी म्हणजे एक संघ' ही उपमा इतकी सरावाची झाली आहे, की ती उपमा आहे हेच आपण विसरलो.

हा प्रकार तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. हॉटेलचा हॉल, गळ्यात ओळखपत्रं, समोर एखादा निवृत्त खेळाडू किंवा खेळाडूंच्या गोष्टी सांगणारा वक्ता. स्वतःला विसरा, संघासाठी त्याग करा, शेवटच्या चेंडूपर्यंत हार मानू नका. दोन तास टाळ्या, मग जेवण. आता यातलं एकही वाक्य खोटं नाही हो! खेळाडू खरोखर असंच वागतात. आमचा आक्षेप बोललेल्या वाक्यांवर नाहीच, तो न बोललेल्यांवर आहे.

'चक दे इंडिया' या 2007 सालच्या चित्रपटाचंच घ्या. अशा कार्यक्रमांत त्यातलं प्रशिक्षकाचं भाषण हटकून दाखवतात, सत्तर मिनिटांचा हवाला देणारं. आम्हालाही ते आवडतं. पण त्या भाषणात बळ कशामुळे येतं? सत्तर मिनिटं संपणार आहेत, त्यामुळे. तेव्हा हॉकीचा सामना सत्तर मिनिटांचा असे. शिट्टी वाजली की खेळाडू मोकळा. सर्वस्व ओतायला सांगणाऱ्याने आधी शेवट ठरवलेला असतो. आता हेच भाषण अशा माणसाला ऐकवा, ज्याचा फोन रात्री अकरालाही वाजतो. त्याच्या सामन्याची शिट्टी कोण वाजवणार?

इथे थोडं शास्त्राकडे वळू, फार वेळ घेत नाही. बर्नार्ड सूट्स नावाचा एक तत्त्वज्ञ होऊन गेला. 1978 साली त्याचं 'द ग्रासहॉपर' हे पुस्तक आलं. खेळाची व्याख्या करताच येत नाही असं विट्गेन्श्टाइनने सुचवलं होतं, ती सूट्सने करून दाखवली. त्याचा मुद्दा आमच्या शब्दांत असा : गोल्फचा चेंडू भोकात टाकणं एवढाच हेतू असेल, तर तो हातात घेऊन चालत जावं आणि टाकावा. पण गोल्फ खेळणारा सोपी वाट मुद्दाम सोडतो आणि अवघड वाट स्वखुशीने पत्करतो, कारण त्याशिवाय तो खेळच होत नाही. म्हणजे खेळातले कष्ट खेळाडूने मागून घेतलेले असतात. नोकरीतले कष्ट आपण पोटासाठी घेतो. त्यात कमीपणा काही नाही, पण फरक आहे. मागून घेतलेल्या कष्टांचं मानसशास्त्र पोटासाठीच्या कष्टांवर चढवलं, की माणसाला उगाच अपराधी वाटू लागतं : 'सचिनला कंटाळा येत नाही, मग मला का येतो?'

सचिनचं नाव निघालंच आहे, तर मुलतान. 29 मार्च 2004. सचिन नाबाद 194 आणि द्रविडने डाव घोषित केला. भारताने ती कसोटी एक डाव आणि 52 धावांनी जिंकली, पाकिस्तानच्या भूमीवरचा आपला पहिला कसोटी विजय. 'व्यक्तीपेक्षा संघ मोठा' या धड्यासाठी हा प्रसंग अगदी हुकमी. पण गोष्टीचा उरलेला भाग सहसा सांगत नाहीत. सचिनने आपली नाराजी लपवली नाही. त्याच दिवशी ती बाहेर आली, पुढे आत्मचरित्रातही त्याने ती लिहिली. देशभर वाद झाला. आमच्या घरी तर जेवणाच्या ताटावर झाला. कर्णधाराचा निर्णय सगळ्यांसमोर झाला, ज्याचं नुकसान झालं तो सगळ्यांसमोर बोलला, आणि तरी संघ टिकला. आम्हाला विचाराल तर धडा यात आहे. त्यागाची गोष्ट ऐकवताना नाराजीची गोष्ट कापून टाकली, तर उरते ती संघभावना नव्हे, नुसती शिस्त.

आता आपल्या मातीतल्या खेळाकडे येऊ. खो-खो. या व्याख्यानांत खो-खो कधी येत नाही, याचं आम्हाला खरोखर आश्चर्य वाटतं, कारण संघ म्हणजे काय हे त्याच्याइतकं स्वच्छ दाखवणारा खेळ आम्हाला तरी दुसरा ठाऊक नाही. नऊ गडी मैदानात. आठजण मधल्या पट्टीवर चौकोनांत बसलेले, एकाचं तोंड इकडे तर शेजारच्याचं तिकडे. नववा पाठलाग करतो. त्याला मधली पट्टी ओलांडता येत नाही. एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत मागे फिरता येत नाही. समोरचा गडी मात्र हवा तसा वळतो, पट्टीतून आरपार जातो. म्हणजे पाठलाग करणाऱ्याला नियमाने जवळजवळ बांधून टाकलं आहे. एकट्याने तो कुणालाही पकडणं कठीण. मग तो काय करतो? बसलेल्याच्या पाठीला हात लावून 'खो' म्हणतो, आणि स्वतः त्याच्या जागी बसतो.

या बसण्याकडे जरा नीट बघा. आत्ता धावत होता, सगळ्यांचे डोळे त्याच्यावर होते, आणि पुढच्या क्षणी तो पाय दुमडून पट्टीवर. ज्याला खो दिला तो गडी टिपेल, लोक टाळ्या त्याला देतील. पण बसलेलाही हरलेला नसतो. दहा सेकंदांत त्याच्याही पाठीवर थाप पडू शकते. कोण बसणार आणि कोण धावणार हे कायमचं ठरलेलं नाही, म्हणून बसण्यात अपमान नाही. कचेरीत आपण 'दुसऱ्याला पुढे जाऊ द्या' असं शिकवतो, पण तिथे बसलेला बसूनच राहतो आणि धावणारा धावून वरच्या मजल्यावर पोचतो!

आणि आपली भाषा किती सूक्ष्म आहे बघा. फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरली की आपण म्हणतो, 'खो-खो चाललाय.' एखाद्याच्या कामात मोडता घातला की म्हणतो, 'खो घातला.' मैदानावर जो शब्द जबाबदारी सोपवण्याचा, तोच कचेरीत आल्यावर जबाबदारी झटकण्याचा झाला. शब्द तोच, माणसंही तीच. बदललं काय? मैदानावर खो देणारा तिथेच बसतो, सगळ्यांना दिसतो, गडी निसटला तर त्याचंही नुकसान होतं. फाइल पुढे ढकलणाऱ्याचं काही जात नाही. संघभावना माणसाच्या स्वभावात असते की नियमांच्या रचनेत, या प्रश्नावर आम्ही वर्गात तास घेतले असते. इथे एवढंच म्हणतो, की व्याख्यानकार सगळा भार स्वभावावर टाकतात. रचनेबद्दल बोललं, तर बोलावणाऱ्या साहेबांनाच प्रश्न विचारावे लागतील ना!

रचनेचं आणखी एक उदाहरण. 1971, ओव्हल. वाडेकरच्या संघाने इंग्लंडला इंग्लंडमध्ये हरवलं. चंद्रशेखरने 38 धावांत 6 बळी घेतले, इंग्लंडचा दुसरा डाव 101 धावांत आटोपला. आमच्या पिढीच्या लक्षात मात्र त्याच डावातला एक झेल जास्त राहिला आहे : अॅलन नॉटचा, एकनाथ सोळकरने पुढे झेपावून घेतलेला. सोळकरचे वडील मुंबईच्या हिंदू जिमखान्याचं मैदान राखायचे. हा माणूस हेल्मेटशिवाय फलंदाजाच्या पुढ्यात उभा राहायचा. 27 कसोटींत त्याने 53 झेल घेतले. आता धावपुस्तकात ही नोंद कशी होते? नॉट, झेल सोळकर, गोलंदाज वेंकटराघवन. दोघांची नावं एकाच ओळीत. दीडशे वर्षांपूर्वीच्या धावपुस्तकांतही ही पद्धत होती. ज्याने संधी निर्माण केली तोही, ज्याने ती हातात पकडली तोही.

आता आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची हकिगत. नाव सांगत नाही, कंपनीचंही सांगत नाही. त्याने आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी एका कामासाठी चार महिने शनिवार-रविवार घातले. तेव्हा त्यांना सांगितलं होतं, 'आपण एक संघ आहोत.' काम उत्तम झालं. सादरीकरणात एकच नाव होतं, वरिष्ठांचं. वर्षअखेरच्या मूल्यमापनात गटातल्या कुणाला तरी खालचा शेरा द्यायचाच असा दंडक होता, तो याच्या वाट्याला आला, आणि पुढच्या कपातीत त्याची नोकरी गेली. ते कळवणाऱ्या पत्रातही 'संघाची फेररचना' असे शब्द होते. तो आम्हाला म्हणाला, "सर, मॅच जिंकली तेव्हा मी टीममध्ये होतो की नव्हतो, एवढंच कुणीतरी सांगा." घरी लहान मुलगी आणि घराचे हप्ते. त्याला खेळाडूच्या जिद्दीचा धडा कमी पडला असं कुणी म्हणू धजेल का?

आता दुसरी बाजू, कारण ती न मांडणं अन्यायाचं होईल. खेळ म्हणजे काही स्वर्ग नाही. निवड समित्यांचे लागेबांधे आम्ही ऐकत मोठे झालो. 2008 पासून तर खेळाडूंचा लिलावच होतो, आणि तो आपण चहा पीत बघतो. एका जागेसाठी दोघे मित्र झगडतात. पण निदान धावा आणि बळी सगळ्यांना दिसतात. वगळलेल्या खेळाडूच्या बाजूने बोलायला त्याचे आकडे तरी असतात.

राहिला 'यश' हा शब्द. अॅलस्डेर मॅकिंटायर या तत्त्वज्ञाने 'आफ्टर व्हर्च्यू' या 1981 सालच्या ग्रंथात बुद्धिबळ शिकणाऱ्या मुलाचं उदाहरण दिलं आहे. मुलाला खाऊचं आमिष दाखवून खेळायला बसवलं. जोवर त्याचं लक्ष खाऊवर आहे, तोवर लबाडी करून जिंकणं त्याला फायद्याचंच. पण हळूहळू त्याला खेळातलीच गोडी लागली, तर लबाडीने तो फसवणार कुणाला? स्वतःलाच. खाऊ बाहेरचा, गोडी आतली. यशाच्या व्याख्यानांत आतल्या गोडीची भाषा भरपूर असते, आणि शेवटच्या स्लाइडवर तिमाहीचे आकडे.

म्हणून एक गोष्ट या मंडळींनी सांगावी अशी आमची फार इच्छा आहे. फेब्रुवारी 1980, वानखेडे, भारत विरुद्ध इंग्लंड, सुवर्णमहोत्सवी कसोटी. कर्णधार विश्वनाथ. इंग्लंडचे पाच गडी 58 धावांत गेले होते. बॉब टेलरला पंचांनी यष्टीमागे झेलबाद दिलं. विश्वनाथ स्लिपमध्ये उभा होता. बॅट लागलेली नाही अशी त्याची खात्री होती. त्याने टेलरला परत बोलावलं. मग टेलर आणि बोथम यांनी 171 धावांची भागी केली आणि इंग्लंडने कसोटी दहा गडी राखून जिंकली. आपण हरलो, आणि त्या परत बोलावण्याचा त्यात मोठा वाटा होता. ही गोष्ट विक्री विभागाच्या मेळाव्यात कुणी सांगेल? सांगितली, तर पहिला प्रश्न येईल, 'सर, यातून टार्गेट कसं गाठायचं?'

पंधरा मिनिटं उरली आहेत, प्रश्न घेऊ.

(श्रोत्यांतून एका ताईंचा प्रश्न : मी एका कारखान्यात मनुष्यबळ विभागात आहे. दरवर्षी असा वक्ता मलाच बोलवावा लागतो. मग बोलवूच नको का?)

बोलवा ना ताई, जरूर बोलवा. फक्त खेळाडूबरोबर एखादा धावलेखकही बोलवा. दिवसभर उन्हात बसून कुणाच्या नावावर काय लिहायचं हे तो कसं ठरवतो, शंका आली की कुणाला विचारतो, दुसऱ्या संघाच्या धावलेखकाशी दर षटकाला आकडे कसे ताडून बघतो, ते त्याला सांगू द्या. आणि त्या दिवशी तुमच्या साहेबांना पहिल्या रांगेत बसवा.