मालिकेतला नायक आणि भीतीचा हिशेब

माझे वडील निजामाच्या अमदानीत शिकले. १९४८ पूर्वीची शाळा, त्यामुळे सातवीपर्यंतचे सगळे शिक्षण उर्दूतून. पोलीस ॲक्शननंतर राज्य बदलले, दप्तर मराठी झाले आणि त्यांनी पुढे आयुष्यभर कारकुनी मराठीत केली. करमणुकीचे वाचन मात्र शेवटपर्यंत उर्दूतच राहिले. त्यांच्या खाटेखाली पत्र्याची एक पेटी होती. तिच्यात इब्ने सफीच्या ‘जासूसी दुनिया’चे आणि इमरान मालिकेचे अंक रचून ठेवलेले असत. मी त्याच घरात, त्याच कंदिलाखाली, बाबूराव अर्नाळकर, गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर आणि नारायण धारप वाचत वाढलो. व्यसन एकच होते, लिप्या तेवढ्या दोन.

“तुझा झुंजार लई पळतो रे,” दादा म्हणायचे. “आमचा इमरान बसल्या जागी येड्यावाणी बोलून काम काढतो.” मला तेव्हा राग यायचा. तो चेष्टेतला शेरा म्हणजे एक वाङ्मयीन निरीक्षण होते, हे कळायला मला पन्नाशी गाठावी लागली.

मी कोणत्याही विद्यापीठाचा संशोधक नाही. गेल्या काही वर्षांत, लहानपणी वाचलेली रहस्य, भय आणि अद्भुताची पुस्तके जमतील तशी मिळवून पुन्हा वाचली आणि प्रत्येकाची वहीत नोंद केली. पहिल्या वाचनात काय आठवत होते, दुसऱ्या वाचनात काय टिकले आणि काय गळाले, एवढेच मी लिहीत गेलो. हा लेख त्या वहीतून निघाला आहे.

या पुस्तकांबद्दल आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात. एक अभ्यासकांचा: हे रंजनवादी लेखन, संख्येने प्रचंड, गुणवत्तेने सामान्य, इतिहासात एका परिच्छेदापुरते. दुसरा जुन्या वाचकांचा: अहाहा, काय ते दिवस! पहिला सूर पुस्तके न वाचता लागतो, दुसरा ती पुन्हा न वाचता. दोघांकडूनही एक गोष्ट निसटते. मालिका हा कादंबरीहून वेगळा घाट आहे. सुटी कादंबरी वाचकाला सांगते, ‘काय होईल ते तुला ठाऊक नाही.’ मालिका सांगते, ‘काय होणार ते तुला ठाऊक आहे, तरी ये.’ हा करार वेगळा आहे, म्हणून त्याचे मोजमापही वेगळे हवे.

आधी अर्नाळकर. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचे खरे नाव. १९०६ ते १९९६ असे दीर्घ आयुष्य आणि हजारावर रहस्यकथा. झुंजार, त्याची विजया, त्याचा नेताजी, धनंजय आणि छोटू, काळा पहाड. यांच्या मागे इंग्रजीतले नमुने आहेत हे उघड आहे, आणि त्यावर नाक मुरडण्याची प्रथाही जुनी आहे. माझ्या वहीतली नोंद वेगळी आहे. दुसऱ्या वाचनात अर्नाळकरांची कथानके जवळजवळ सगळी कोसळतात. योगायोगांवर योगायोग, आणि खलनायकाची कबुली हाच पुरावा. टिकते ते वाक्य. छोटे, क्रियापदावर थांबणारे, एका दमात वाचता येणारे वाक्य. शाळेच्या क्रमिक पुस्तकात अडखळणारा माझ्यासारखा मुलगा झुंजार वाचताना अडखळत नसे. नव्याने साक्षर झालेल्या वाचकाला मराठी गद्य भरभर वाचण्याची सवय लावणे, हे काम अर्नाळकरांनी केले. ही साहित्यबाह्य सेवा आहे असे कुणी म्हणेल. मी म्हणेन, गती हा शैलीचा गुण आहे आणि तो सोपा नाही.

झुंजार म्हातारा होत नाही. विजया म्हातारी होत नाही. मागच्या पुस्तकातल्या संकटाचा ओरखडा पुढच्या पुस्तकात कुणाच्या अंगावर नसतो. हा दोष नव्हे, हाच करार. ज्याच्या घरी पावसाचा भरवसा नाही आणि महिनाअखेरचाही नाही, त्याला दर वेळी तसाच परत येणारा एक माणूस हवा असतो. १९७२चा दुष्काळ पाहिलेल्या आमच्या भागात ही गरज किती खरी होती, हे मला निराळे सांगायला नको.

आता दादांचा शेरा. इब्ने सफींनी १९५२ साली ‘जासूसी दुनिया’ सुरू केली आणि त्याच वर्षी ते पाकिस्तानात गेले. तरी अलाहाबादेतून त्यांची पुस्तके निघत राहिली. १९५५ पासून इमरान आला. हिंदी आवृत्त्यांत फरीदीचा विनोद झाला आणि इमरानचा राजेश. नावे बदलली, हशा तोच राहिला. मी त्यांची पुस्तके हिंदीतून वाचली तेव्हा दादांचे म्हणणे पटले. इमरान मूर्खपणाचे सोंग घेतो. समोरचा त्याला वेडा समजतो आणि तिथेच फसतो. म्हणजे रहस्य संवादातून उलगडते, धावाधावीतून नव्हे. आमच्या मराठी हेराला विनोदाचे वावडे होते. तो थट्टा करी, पण स्वतःची थट्टा होऊ देत नसे. या बाबतीत शिरवळकर वेगळे. त्यांच्या फिरोज इराणी, दारा बुलंद, अमर विश्वास आणि मंदार पटवर्धन या चार नायकांना स्वतःची अशी बोली आहे. संवाद हे शिरवळकरांचे खरे हत्यार. म्हणूनच त्यांना मालिकेतून बाहेर पडून ‘दुनियादारी’ लिहिता आली. १९८२ सालच्या त्या कादंबरीवर २०१३ मध्ये चित्रपट निघाला आणि माझ्या भाच्याच्या पिढीला शिरवळकर नव्याने कळले. पण कट्ट्यावरच्या त्या पोरांची भाषा लेखकाने आधी हेरकथांत घासून घेतली होती, हे फारसे कुणी सांगत नाही.

गुरुनाथ नाईकांबद्दल माझे मत मिश्र आहे. त्यांनीही हजाराहून अधिक पुस्तके लिहिली. कॅप्टन दीपच्या कथांत सरहद्द, सैन्य, परदेश असा मोठा पट येतो. आमच्या एसटी स्टँडवरून जग दिसण्याची ती खिडकी होती. मात्र पुन्हा वाचताना पट मोठा आणि माणूस छोटा वाटतो. शत्रू शत्रूच असतो, त्याला घरदार नसते.

खरा पेच धारपांपाशी येतो. माझ्या मते या चौघांतले सर्वांत मोठे लेखक तेच. म्हणून त्यांच्याबद्दल जास्त कडक बोलायला हवे.

धारप (१९२५–२००८) विज्ञान-तंत्रज्ञान शिकलेले गृहस्थ. त्यांच्या भयकथेची पहिली तीस-चाळीस पाने मराठीत अजोड आहेत. काही घडत नाही. एक साधा, हिशेबी, नोकरदार माणूस एका घरात राहायला येतो. एक दार नीट लागत नाही, एक वास येतो, शेजारी बोलता बोलता विषय बदलतो. भूत दिसण्याआधी शंका दिसते. ही पाने मी चौथ्यांदा वाचली तरी मान वळवून मागे पाहावेसे वाटते.

आणि मग समर्थ येतात. अप्पा जोशींनी सांगितलेल्या समर्थकथा या मराठीतल्या सर्वांत लोकप्रिय भय-अद्भुत मालिकांपैकी एक. मीही त्यांचा भक्त होतो. पण वहीतल्या नोंदी जुळवताना मला दिसले की, ज्या क्षणी समर्थ शांतपणे ऐकून घेतात आणि ‘पाहू या’ अशा अर्थाचे काही बोलतात, त्या क्षणी माझी भीती संपते. कारण समर्थ हरत नाहीत, आणि ते हरणार नाहीत हे मालिकेने मला आधीच सांगितले आहे. हेरकथेत नायक जिंकणार हे माहीत असून बिघडत नाही. तिथला प्रश्न ‘कसे’ हा असतो. भयकथेतला प्रश्न ‘वाचेल का’ हाच असतो. तिथे परत येणारा नायक हा भीतीचाच शत्रू ठरतो. मालिकेचा करार आणि भयाचा करार एकमेकांना छेद देतात.

धारपांनाही हे जाणवत असावे असा माझा तर्क आहे. त्यांची मनातून न जाणारी पुस्तके बहुतेक समर्थांशिवायची आहेत. ‘लुचाई’ घ्या. स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’चा आधार त्यात स्पष्ट आहे. तरी ती अंगावर येते, कारण हाक मारायला कुणी समर्थ नाहीत. ‘तुंबाड’ या २०१८च्या चित्रपटाला धारपांच्या ज्या कथेने प्रेरणा दिली, तीही समर्थकथा नव्हे. तारणहार नसेल तिथेच धारप मोठे होतात.

मग समर्थकथा वाया गेल्या का? तसे मी म्हणणार नाही. त्या भयकथा नाहीतच, त्या धीरकथा आहेत. माझी आई आजारी असताना मी दवाखान्याच्या व्हरांड्यात रात्रभर समर्थकथा वाचल्या होत्या, ‘लुचाई’ नव्हे. भीती वाटावी म्हणून नव्हे, तर कुणीतरी शांत माणूस खोलीत आहे असे वाटावे म्हणून. त्यांना चुकीच्या फडताळात ठेवून आपण त्यांच्यावर अन्याय करतो.

धारपांबद्दल आणखी एक नोंद. त्यांच्या कथांत शहरातला सुशिक्षित माणूस वाट वाकडी करून जातो आणि आडगावच्या जुन्या वाड्यात अघटित त्याची वाट पाहत असते. मी आडगावचा वाचक. औंढा नागनाथच्या यात्रेला गाडीबैलाने जाणारा, अंधार हा रोजचा असलेला. पुस्तकात ज्या जागेला भ्यायचे, त्या जागेत मी राहत होतो. गावातल्या म्हातारीच्या पुटपुटण्यात तो पाहुणा अमंगळ ऐकतो. मला त्यात आजीची जात्यावरची ओवी ऐकू येई. भय कुठे राहते हे कोण ठरवतो, हा प्रश्न मराठी भयकथेला अजून कुणी नीट विचारलेला नाही. आमच्याकडून ती लिहिली गेली असती, तर कदाचित भूत शहरातून फाइल घेऊन आले असते.

उरला अद्भुताचा प्रश्न. मराठीत हेर परत आले, मांत्रिक परत आले. पण परत परत जावे असे एखादे अद्भुत जग मालिकेने का उभे राहिले नाही? हिंदीत देवकीनंदन खत्रींनी १८८८ साली ‘चंद्रकांता’ लिहिली आणि पुढे ‘चंद्रकांता संतति’ चोवीस भागांत नेली. ऐयार आणि तिलिस्म यांचे ते जग उर्दू दास्तानांच्या शेजारी वाढले. आपल्याकडे सुरुवात उशिरा झाली असे नाही. हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ची, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ची. नाथमाधवांची ‘वीरधवल’ १९१३ची, आणि ती तर पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली. पण दरम्यान हरिभाऊ आपट्यांपासून वास्तवाला प्रतिष्ठा मिळाली आणि अद्भुत हे पोरवयाचे लक्षण ठरले. गंमत अशी की आपट्यांच्या पहिल्या ‘मधली स्थिति’मागेही रेनॉल्ड्स आहे आणि ‘वीरधवल’मागेही रेनॉल्ड्सच. एकाच इंग्रजी लेखकाच्या विहिरीवर दोघांनी घागरी भरल्या. एकीचे पाणी देवघरात गेले, दुसरीचे गोठ्यात.

प्रतिष्ठा नाही म्हणून जपणूक नाही. आमच्याकडे ही पुस्तके ‘अ’, ‘ब’, ‘क’, ‘ड’ अशा अनुदानित वाचनालयांतून कमी आणि डिपॉझिट भरून घरी न्यायच्या खाजगी लायब्रऱ्यांतून जास्त फिरली. पूर्णा–खांडवा मीटरगेज गाडीत ती एका बाकड्यावरून दुसऱ्या बाकड्यावर जात. पाने सुटली की दोऱ्याने शिवत, दोरा तुटला की रद्दी. ज्या पुस्तकावर वाचकांचे सर्वाधिक हात फिरले, तेच आज सर्वांत दुर्मीळ. हिंगोली १ मे १९९९ रोजी जिल्हा झाला. जिल्ह्याचा इतिहास लिहिताना छावणी येते, दसरा येतो, नरसीचे नामदेव येतात. आम्ही काय वाचत होतो, हे मात्र येत नाही.

दोष इतरांना देऊन मला मोकळे होता येत नाही. दादा गेल्यावर घर रंगवायला काढले, तेव्हा ती पत्र्याची पेटी मी स्वतः रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवली. मला उर्दू वाचता येत नव्हते. मला वाचता येत नाही म्हणजे त्यात काही नाही, असे मी धरून चाललो. अभ्यासक माझ्या झुंजारला जे करतात, तेच मी दादांच्या इमरानला केले. समासात त्यांच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. कुठे हसले, कुठे थांबले, हे त्या खुणांत होते. त्या माझ्या या वहीच्या आधीच्या वहीसारख्या होत्या, हे मला फार उशिरा सुचले.

दोन वर्षांपूर्वी मी शेजारच्या निवृत्त गुरुजींकडून अलिफ-बे शिकायला सुरुवात केली. वेग अजून दुसरीतल्या मुलाचा आहे. जुन्या बाजारात इमरानचे एक फाटके पुस्तक मिळाले, पहिली पाने नाहीत, शेवटचीही नाहीत. बोट ठेवून वाचतो. अकरा पाने झाली. इमरान अजून जागचा हललेला नाही, नुसता बोलतो आहे.