जाखडीचे वर्तुळ

आमच्या इंदूरच्या साहित्य सभेच्या बैठकीत मध्यंतरी मॉरिशसमधील एका मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाची ध्वनिचित्रफीत दाखविण्यात आली. ती संपल्यावर एका ज्येष्ठ सभासदांनी अभिप्राय दिला, "गाणी पाठ आहेत, पण आपसांत एक शब्द मराठी नाही. यांना मराठी म्हणावे कसे?" बऱ्याच माना डोलल्या. आम्हीही त्या वेळी गप्प राहिलो. परंतु तो अभिप्राय मनातून जाईना, म्हणून हे टिपण.

प्रथम इतिहास पाहू. भारतातून करारबद्ध मजूर मॉरिशसला नेण्याची पद्धत १८३४ साली सुरू झाली. १९२० पर्यंत साडेचार लाखांहून अधिक माणसे त्या बेटावर उतरली. त्यांची पहिली नोंद जिथे होत असे, तो पोर्ट लुईस येथील आप्रवासी घाट २००६ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला. या मजुरांत बहुसंख्य लोक बिहार व पूर्व उत्तर प्रदेशातले. मुंबई बंदरातून गेलेले थोडे, आणि त्यांत कोकणातला कष्टकरी पुष्कळ. त्यांच्या नोंदवह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवलेल्या आहेत. आमचे आयुष्य सरकारी दप्तरांत गेले. कारकुनाच्या कानाला जे ऐकू आले तेच कागदावर माणसाचे नाव होते, हे आम्हांस पक्के ठाऊक आहे. तिथेही तसेच झाले. पूर्वजाचे नाव हेच वंशजांचे आडनाव झाले, आणि तेही फ्रेंच-इंग्रजी वळणाच्या अक्षरांत.

अशा स्थितीत भाषा घरात टिकणे अवघड होते. उसाच्या मळ्यावर हुकूम क्रिओलमध्ये, शेजारी भोजपुरी बोलणारा, आणि मराठी माणसे संख्येने थोडी व विखुरलेली. भाषेला घराइतकाच शेजारही लागतो. त्यांना तो मिळाला नाही. आज तेथील शाळांत मराठी शिकविली जाते, महात्मा गांधी संस्थेत तिचे उच्च शिक्षण मिळते, नभोवाणी व दूरचित्रवाणीवर मराठी कार्यक्रम होतात, मराठी नाट्यस्पर्धाही भरते. म्हणजे मराठी तिथे शाळेत, देवघरात व रंगमंचावर आहे. स्वयंपाकघरात बहुधा नाही. आमच्या सभासदांचे निरीक्षण चुकीचे नव्हते. त्यांनी काढलेला निष्कर्ष मात्र आम्हांस घाईचा वाटतो.

कारण भाषा उंबऱ्याबाहेर गेल्यावरही मागे काय राहिले, हे पाहण्यासारखे आहे. हेन्रिएटा गावात १८९६ साली गणेशचतुर्थी साजरी झाली, तेव्हापासून तेथील गणेशोत्सवाची परंपरा सांगितली जाते. आज त्या देशात गणेशचतुर्थीची सार्वजनिक सुट्टी असते. आणि उत्सवासोबत राहिली ती झाकरी. रत्नागिरीकडच्या वाचकांना सांगावयास नको की ही आपली जाखडी, मुंबईकरांचा बाल्या नाच. मध्यभागी मृदंग आणि गाणारे, भोवती घुंगरू बांधून फेर धरणारे. हा नाच मुळात प्रेक्षकांसाठी रचलेलाच नाही. नाचणाऱ्यांची दृष्टी आत, एकमेकांकडे असते. त्यात कोणी दूर उभा राहून पाहू लागला तर तो पाहुणाच ठरतो. दिवसभर दुसऱ्याच्या मळ्यात राबणाऱ्या माणसाला रात्री स्वतःचे असे काही हवे होते, ते या वर्तुळाने दिले. त्याची गरज होती म्हणून ते टिकले. वारसा जपण्याचा ठराव करून ते टिकलेले नाही.

आता त्या फितीतील कार्यक्रमाविषयी. त्यात सुरुवातीला पाहुण्यांची भाषणे होती, मग ढोल-ताशा, नऊवारीतल्या मुलींचे लेझीम, चित्रपटातील लावणी, आणि अखेरीस दहा मिनिटे झाकरी. ती सादर करताना नाचणाऱ्यांनी फेर मोडून अर्धवर्तुळ केले होते, कारण समोर खुर्च्या होत्या. आमची तक्रार आहे ती इथे. त्या मंडळींच्या पणजोबांनी जहाजातून सोबत नेले ते शेवटी आले व थोडक्यात आटोपले. पुण्याहून अलीकडे आणले ते आधी आले व लांबले. वारशाच्या नावाखाली स्वतःचा वारसा मागच्या बाकावर बसविण्याचा हा प्रकार आहे. २०२३ साली मॉरिशसमध्ये शिवछत्रपतींचा पुतळा उभा राहिला, त्याचा आम्हांस आनंदच आहे. महाराज सर्व मराठी माणसांचे आहेत. परंतु नोंदवहीतला, अंगठा उठवून जहाजात चढलेला कोकणी मजूर हा फक्त तेथील मराठी माणसांचा आहे. त्याचे स्मरण त्यांनी केले नाही तर अन्य कोणी करावयाचे नाही. उत्सवात त्याच्या वाट्याला अर्धवर्तुळ यावे, हे योग्य नव्हे.

आणि हा दोष केवळ त्यांचाच आहे काय? आमची घराणी होळकरशाहीपासून माळव्यात आहेत. आमच्या मराठीत हिंदी मिसळली आहे, आणि पुण्याचे पाहुणे आले की आम्ही ती लपवून पुस्तकी बोलू लागतो. आमच्या उत्सवांना कलावंत पुण्या-मुंबईहून येतात. आम्ही वर्गणी देतो, खुर्चीवर बसतो व टाळ्या वाजवितो. आमची नातवंडे आरती पाठ म्हणतात आणि प्रसाद हिंदीत मागतात. मॉरिशसच्या मुलांहून ती फार वेगळी आहेत असे आम्हांस वाटत नाही. फरक इतकाच की त्यांचा शेजार शंभर-दीडशे वर्षांपूर्वी तुटला आणि आमचा आमच्या डोळ्यांदेखत विरळ होत आहे.

याच शहरात आम्ही दुसरेही पाहिले आहे. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरणी कामगारांच्या झांक्या निघतात. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली, कामगारांची देणी मिळावयास २०२३ साल उजाडले. तरीही मधल्या काळात झांकी निघत राहिली. पगार नसलेल्या माणसांनी ती काढली. त्यांच्यात मराठी थोडे, इतर पुष्कळ. त्या रात्री रस्त्याच्या कडेला उभे राहून आम्ही ती वर्षानुवर्षे पाहिली, आणि आपला उत्सव मात्र सभागृहातच आहे असे समजत आलो. गिरणी गेल्यावरही ती झांकी का टिकली आणि मळ्यावर झाकरी का टिकली, याचे उत्तर आमच्या मते एकच आहे. ती करणाऱ्यांची होती, पाहणाऱ्यांची नव्हती.

तेव्हा कोणत्याही मंडळाच्या वारसा-सोहळ्याची परीक्षा करताना भाषा किती शुद्ध, वेश किती अचूक, हे प्रश्न दुय्यम मानावेत. किती जण खुर्चीवर होते आणि किती जण फेरात होते, हे आधी विचारावे. भाषेचे महत्त्व आम्ही कमी लेखत नाही. ज्यांची उपजीविका नव्हे पण जिव्हाळा मराठीवर आहे, त्यांनी ते कसे लेखावे? परंतु फेर शाबूत असेल तर त्यातला एखादा तरुण गाण्याचा अर्थ विचारील आणि भाषेकडे वळेल. फेरच मोडला तर शिकविलेली भाषाही परीक्षेच्या उत्तरपत्रिकेपुरती राहील.

आमच्या ज्येष्ठ सभासदांना त्या दिवशी द्यावयाचे उत्तर आज देतो. ती मंडळी मराठी आहेत, कारण अर्थ पुरता कळत नसतानाही त्यांनी गाणे सोडले नाही. आम्हांस अर्थ कळतो. आम्ही शेवटचे गायलो केव्हा, हे ज्याने त्याने स्वतःस विचारावे. येत्या गणेशोत्सवात निदान एक संध्याकाळ बाहेरचा कलावंत न बोलावता, खुर्च्या भिंतीशी लावून साजरी करावी, अशी सूचना आम्ही कार्यकारिणीकडे लेखी दिली आहे. तीवर निर्णय व्हावयाचा आहे.