जुनाट व्रण आणि जैवबहुवारिके : एका चाचणीचे परीक्षण

जखम भरून येणे हा शरीराचा धर्म होय. मधुमेही रुग्णाच्या पायावरील व्रण महिनोन्‌महिने भरत नाही, तेव्हा या धर्मात कोठे खंड पडला हे प्रथम शोधावे लागते. जैवबहुवारिकांपासून केलेल्या आच्छादनांचे मूल्यही याच कसोटीवर ठरविले पाहिजे.

अशा आच्छादनांचे पहिले कार्य ओलावा राखण्याचे. पॉलिथिनच्या पापुद्र्याखाली ओलसर राहिलेल्या उथळ जखमेवर नवी त्वचा उघड्या जखमेच्या सुमारे दुप्पट वेगाने येते, हे जॉर्ज विंटर यांनी १९६२ साली डुकरांवरील प्रयोगांनी दाखविले. समुद्रशैवलांपासून मिळणारे कॅल्शियम अल्जिनेट व्रणातील स्राव शोषून स्वतःच जेल बनते व हेच कार्य साधते.

कोलॅजेन आणि ऑक्सिडीकृत सेल्युलोज यांच्या मिश्र आच्छादनाची महत्त्वाकांक्षा याहून मोठी आहे. जुनाट व्रणात प्रथिनांचे विघटन करणारी एंझाइमे अतिरिक्त प्रमाणात असतात व ती नवे ऊतक नष्ट करतात. हे आच्छादन त्या एंझाइमांना बांधून ठेवते, अशी त्यामागील उपपत्ती आहे. उपपत्ती सुसंगत आहे; प्रश्न आहे तो प्रत्ययाचा.

२००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत पायावर व्रण असलेल्या २७६ मधुमेही रुग्णांचे दोन समान गट केले होते. १२ आठवड्यांत या आच्छादनाखाली ५१ रुग्णांचे, तर ओलसर गॉजखाली ३९ रुग्णांचे व्रण पूर्ण भरले. हा फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या निर्णायक ठरला नाही. व्रणाच्या वयानुसार केलेली विभागणी अधिक उद्‌बोधक आहे. सहा महिन्यांहून कमी काळाच्या व्रणांत हे प्रमाण ४५ विरुद्ध ३३ टक्के होते; त्याहून जुन्या व्रणांत ते १९ विरुद्ध २० टक्के, म्हणजे जवळजवळ समान होते.

उपगट लहान असल्याने यावरून अंतिम निष्कर्ष काढणे घाईचे होईल. तथापि ज्या व्रणांसाठी ही उपपत्ती मांडली गेली, नेमक्या त्यांतच लाभ दिसू नये, ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही. मंदावलेला रक्तप्रवाह आणि पावलावर पडणारा दाब यांचे निवारण कोणत्याही आच्छादनाने होत नाही.

प्रयोगशाळेतील बहुतेक परीक्षा उंदरांच्या ताज्या जखमांवर होतात. उंदराची जखम मुख्यतः त्वचा आकसून मिटते. माणसाच्या पायावरील व्रण असा मिटत नाही. त्यामुळे प्रयोगशाळेतील यश रुग्णाच्या बाबतीत प्रमाण मानता येत नाही. नव्या पदार्थाची तुलना कशाशी केली, व्रण किती जुना होता आणि दाब हलका करण्याची व्यवस्था दोन्ही गटांत समान होती काय, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या प्रबंधात नाहीत, तो रसायनशास्त्रात मोलाचा असेल. व्रणचिकित्सेत त्याचे मोल अद्याप सिद्ध व्हावयाचे असते.